घराण्याची टाचणी

प्रसूती विभागात तोंडावर सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणत आणि पाठ वळली की ‘शंकासुर’. हे तिला माहीत होतं. कोणी सांगितलं नव्हतं, पण तिला तसा संशय होता, आणि तिचे दहातले आठ संशय खरे निघत. उरलेले दोनही खरेच असतात, फक्त माणूस हाती लागत नाही, असं तिचं म्हणणं.

घरी भाजी आली की ती घरच्या काट्यावर पुन्हा तोलली जाई. वजन कमी भरलं तर भाजीवाला चोर, आणि बरोबर भरलं तर घरचा काटा बिघडलेला. दूधवाला, गॅसवाला, नळ दुरुस्त करणारा, सगळे तिच्या दारात आले की आपोआप सरळ उभे राहत. नवरा टेलर होता. सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची. शिलाई मशीनवरून मान न उचलता तो म्हणे, “हिच्यावर उद्या देव प्रसन्न झाला ना, तर वर मागायच्या आधी ही त्याचं ओळखपत्र मागेल.”

मास्तर स्वतःही संशयातून सुटला नव्हता. लग्न झाल्यापासून तो रस्त्याने कायम तिच्या उजव्या हाताला चालायचा. मध्ये गटार येवो, खांब येवो, फिरून पुन्हा उजवीकडेच. इथे काहीतरी पाणी मुरतंय, हे तिने ओळखलं होतं. डाव्या बाजूच्या घरांमध्ये असं कोण राहतं, ज्याची नजर हा माणूस चुकवतोय? तिने बरेच दिवस त्या खिडक्यांवर पाळत ठेवली. एका खिडकीत मांजर बसलेलं असायचं. बाकीच्या बंद. मांजरावर आळ घेता येईना म्हणून तो विषय तिने मनातच ठेवला.

पण तिचा सगळ्यांत मोठा संशय लोकांच्या बोलण्याबद्दल होता. हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. वॉर्डातल्या पोरी औषधांच्या कपाटापाशी कुजबुजतात, आणि आपण जवळ गेलो की एकदम मोठ्याने “हो सिस्टर!” म्हणतात. मग आधी काय चाललं होतं? ‘काय म्हणालीस?’ असं मात्र ती कधी कोणाला विचारत नसे. विचारलं की समोरचा सावध होतो आणि भलतंच काहीतरी सांगतो. त्यापेक्षा ऐकलंच नाही असं दाखवायचं आणि मनात नोंद करून ठेवायची. अशा नोंदींनी तिचं मन गच्च भरलेलं होतं.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, काय छळवादी बाई आहे. होतीच. पण काही कामं अशी असतात की तिथे भाबडं माणूस ठेवून चालत नाही. नुकतंच जन्मलेलं मूल तपासणं हे त्यातलं एक. घरचे सगळे ‘किती गोड, किती गोड’ करत असतात, आई दमलेली असते, बाप भांबावलेला असतो, आणि बाळ स्वतः काही सांगत नाही. अशा वेळी त्या खोलीत एक तरी माणूस असं लागतं ज्याचा त्या गोडव्यावर विश्वास नाही.

बाळ उबेच्या दिव्याखाली ठेवलं की सिस्टर हात धुऊन, चोळून गरम करायची आणि डोक्यापासून सुरुवात करायची. डोक्यावरची टाळू चाचपायची. दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावेल, त्याहून जास्त अंतर नाही ना ते बघायची. बोट तोंडात घालून आतली टाळू फाटलेली नाही याची खात्री करायची. कान डोळ्यांच्या रेषेत आहेत की खाली घसरलेत? हनुवटी, मान, बोटं, तळव्यावरच्या रेषा. मग पालथं करून पाठीचा कणा अगदी खालपर्यंत, आणि शीची वाट मोकळी आहे ना, तेही. हे करताना ती बाळाशी बोलत असे, आणि ते बोलणं पोलीस चौकीतलं असे. “हं, बघू. काय लपवलंयस? मूठ उघड. उघड म्हणते ना!”

नव्या पोरींना ती शिकवायची, “मोठा दोष आंधळ्यालाही दिसतो. तुम्ही बारीक बघा. बारीकसं वेगळं एक दिसलं तर असू दे, माणूस आहे, साच्यातली वीट नाही. दोन दिसली तर पुन्हा पहिल्यापासून बघा. तीन दिसली तर समजायचं, आत काहीतरी मोठं दडून बसलंय. हृदयात, पोटात, कुठेही. मग डॉक्टर जेवत असो नाहीतर झोपलेला असो, त्याला उठवायचं.”

एकदा असंच एक बाळ सगळ्या वॉर्डाचं लाडकं झालं होतं. इवलीशी हनुवटी, वाकडी करंगळी, कानापुढे मांसाचा एक मणी. पोरी म्हणाल्या, बाहुली आहे नुसती. सिस्टर म्हणाली, तीन झाली. डॉक्टरांनी हृदय तपासलं तर त्यात छिद्र निघालं. ते पोर पुढे बरं झालं आणि आता शाळेत जाऊन बाईंना छळतं.

तिचा दुसराही एक नियम होता, आणि ही गोष्ट त्या नियमाची आहे. काही वेगळं दिसलं की ती आधी बाहेर जाऊन बाळाच्या आईबापाचं, आजीआजोबांचं तोंड निरखायची. बाळाचे डोळे फार लांब लांब वाटतात? बापाचेही तसेच असतील तर मिटला प्रश्न. बोटं आखूड? आजोबांचा हात बघ. घरात कोणाकडे तीच गोष्ट सापडली की ती परत येऊन फक्त एक शब्द उच्चारायची, “घराणं.” हा शब्द साऱ्या विभागात रूढ झाला होता. घराणं म्हणजे काळजी नाही, घराणं म्हणजे मोजणीतून वजा. त्या एका शब्दाने कितीतरी आयांना शांत झोप लागली होती, हे खोटं नाही.

आणि सिस्टरच्या स्वतःच्या घरालाही घराण्याची खूण होती. कान जिथे वरच्या बाजूला गालाला चिकटतो, त्याच्या थोडं पुढे टाचणी टोचल्यासारखं एक बारीक भोक. तिच्या वडिलांना होतं, थोरल्या भावाला होतं, तिला होतं, तिच्या लेकीला होतं. घरात सगळे त्याला ‘टाचणी’च म्हणत. मास्तर तर धंद्यातला माणूस. तो म्हणायचा, “देवाने शिवण घालायच्या आधी टाचणी लावली असणार. पुढे काढली, पण भोक राहिलं. माल मात्र पक्का.” सिस्टरला त्या टाचणीचा अभिमान होता. लेक जन्मली तेव्हा तिने सगळ्यांत आधी तीच शोधली होती, आणि सापडल्यावर बाळ बदललं गेलेलं नाही, याची तिला खात्री पटली होती.

त्या वर्षी विभागात नवी डॉक्टरीण आली. तान्ह्या बाळांच्या जन्मजात दोषांचं खास शिक्षण घेऊन आलेली, वयाने लहान, बोलायला त्याहून लहान. ती बोलायचीच नाही, बघायची. बाळाकडे बघायची, आईकडे बघायची, झाडूवाल्याकडेही बघायची. सिस्टरला हे मुळीच रुचलं नाही. दुसऱ्याकडे असं टक लावून बघायचा हक्क त्या विभागात आजवर तिच्या एकटीचाच होता.

एकदा सिस्टर डोक्याला टोपी बांधत होती. केस मागे सारले, तर डॉक्टरणीची नजर तिच्या कानावर खिळलेली. नंतर तोंडावरच्या मास्कच्या आडून ती काहीतरी पुटपुटली. सिस्टरने नेहमीप्रमाणे न ऐकल्यासारखं केलं. डॉक्टरीण थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. सिस्टरच्या मनात पाल चुकचुकली. ही बाई माझ्यात काय शोधतेय?

लेकीला दिवस गेले होते. तिचं सगळं आईच्याच दवाखान्यात चाललं होतं. सोनोग्राफीचे डॉक्टर गलेलठ्ठ, शांत गृहस्थ होते. ते म्हणाले, बाळाची डावी किडनी नीट दिसत नाही, बाळ आडवं पडलंय, पुढच्या आठवड्यात पुन्हा या. सिस्टरला ते पुन्हा बोलावणं खटकलं. “तुमचं मशीन म्हातारं झालंय, ते बदला,” तिने दारातच सुनावलं. “आधी आमच्या पोरीचा जीव टांगणीला लावू नका.” डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले. पुन्हा जाणं झालं नाही.

नात झाली. नियम असा की घरच्या माणसाने तपासायचं नाही. पण शंकासुराला नियम सांगणार कोण? तिने हात धुतले आणि दिव्याखाली नातीला उघडं केलं. आज आवाजात पोलीस नव्हता. “काय गं बाई, काय काय आणलंस?” आणि बघते तर दोन्ही कानांपुढे टाचणी! सिस्टरचे डोळे भरून आले. कानाची पाळी थोडी आत वळलेली होती, थेट पणजोबांसारखी. मानेच्या खालच्या बाजूला एक ओलसर ठिपका होता. थोरल्या भावाच्या मानेवर अगदी तिथेच होता, उकाडा वाढला की पाझरायचा, आई कापूस लावून द्यायची.

दुसऱ्या कोणाच्या बाळावर हे दिसलं असतं तर तिने एक, दोन, तीन म्हणून फोन उचलला असता. इथे तिने नातीला दुपट्यात गुंडाळलं, बाहेर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “घराणं!”

डॉक्टरीण दुपारी आली. बाळाला तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. मानेवरचा ठिपका बोटाने दाबून पाहिला. मग लेकीचे केस हळूच बाजूला केले आणि तिचा कान पाहिला. मग सिस्टरच्या समोर येऊन, मास्क खाली ओढून विचारलं, “सिस्टर, तुमच्या वडिलांना नीट ऐकू यायचं का?”

सिस्टर सटपटली. वडील बहिरे होते हे हिला कोणी सांगितलं? “छापखान्यात आयुष्य गेलं त्यांचं. यंत्रांच्या आवाजाने कान गेले.”

“आणि घरात किडनीचा आजार कोणाला?”

“कोणालाही नाही.” मग खोटं बोलणं अंगाशी येईल असं वाटून ती म्हणाली, “भाऊ गेला त्याने. पण तो गाडी चालवायचा. कंबरदुखीच्या गोळ्या खाऊन खाऊन त्याने किडन्या जाळून घेतल्या.”

“मला बाळाची पोटाची सोनोग्राफी आणि कानाची तपासणी करायची आहे. नुसती टाचणी असती तर मी काही बोलले नसते, बहुतेकांच्या बाबतीत त्यातून काहीच निघत नाही. पण कान, मान आणि किडनी एकाच सांगाव्यावरून, म्हणजे एकाच जनुकावरून घडतात कधी कधी. तो सांगावाच चुकला तर तिन्हीकडे चूक होते, आणि तो घरातून घरात येतो. किडनी कच्ची असेल आणि आपल्याला माहीत नसेल, तर साध्या जंतुसंसर्गानेही ती जाईल. ऐकू येत नसेल आणि कळलं नाही, तर ही बोलायला शिकणार नाही.”

“पण हे घराणं आहे,” सिस्टर म्हणाली.

“हो. म्हणूनच.”

हे ‘म्हणूनच’ सिस्टरला झोंबलं. तिच्याच शब्दाला कोणीतरी तिच्याच वॉर्डात उलटं टांगलं होतं. लेक पलंगावरून आईकडे पाहत होती. डॉक्टरणीला आईबापाचा होकार हवा होता, जावई कामावरून यायचा होता, आणि लेकीचा होकार आईच्या तोंडाकडे बघून ठरायचा. “काही गरज नाही,” सिस्टर म्हणाली. “आत्ता तर जन्मलीय. कशाला भोसकाभोसकी?”

सोनोग्राफीत कोणी भोसकत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

डॉक्टरीण वाद न घालता बाहेर गेली. थोड्या वेळाने सिस्टरने दार किलकिलं करून कानोसा घेतला. बाकावर विहीणबाई बसल्या होत्या, जावयाची आई, आणि त्यांच्या शेजारी डॉक्टरीण. दोन डोकी जवळ, ओठ हलतायत, शब्द एक नाही. सिस्टर दिसताच दोघी गप्प झाल्या. विहीणबाई तर उठून उगाचच पदर सारखा करू लागल्या.

आता सगळं स्वच्छ झालं. वडिलांचं बहिरेपण फोडलं ते विहीणबाईंनीच. मुलीकडच्या रक्तातच खोट आहे, असं सिद्ध करायचं चाललंय. सिस्टरने दार ओढून घेतलं, खिडकीशी गेली आणि तिथून लेकीला सगळा कट उलगडून सांगू लागली. खिडकी उघडी होती, खाली रस्त्यावर वाहनांचा गोंगाट होता. तिचा उजवा कान रस्त्याकडे, डावा खोलीकडे.

“तुझी सासू दिसते तेवढी साधी नाही. लग्नातसुद्धा माझ्याकडे बघून कोणाच्या तरी कानाला लागली होती. मी विसरलेले नाही.”

“आई.”

“आणि त्या डॉक्टरणीला काय, शिकलेलं कुठेतरी दाखवायचंय. माझ्याच नातीवर?”

लेक पलंगावर उठून बसली आणि तिने हात हलवला. “आई! बाळ रडतंय.”

सिस्टर वळली. पाळणा तिच्या डाव्या हाताला, दोन हातांवर होता. नातीचा चेहरा लालबुंद झाला होता, तोंड वासलेलं, मुठी थरथरत होत्या. हे आत्ता सुरू झालेलं रडणं नव्हतं. असं दमलेलं, हुंदके देणारं रडणं सिस्टरने हजारदा पाहिलं होतं.

“कधीपासून रडतेय?”

“मगापासून. तू खिडकीशी गेलीस तेव्हापासून.”

तिने बाळाला उचलून उराशी धरलं. लंगोट चाचपला, जेमतेम ओला होता. तिच्या विभागात बाळ रडत पडत नाही, असा लौकिक होता. पण ते तिच्या डोळ्यांमुळे. ती सारखी फिरायची, सारखी बघायची. कानांवर तिने कधीच काही सोपवलं नव्हतं, आणि हे तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं.

“आई, रागावू नकोस,” लेक म्हणाली. “तुला डाव्या कानाने ऐकू येत नाही. हल्ली उजव्यानेही कमी येतं.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच. मी, बाबा, वॉर्डातल्या मुली. त्या तुझ्याशी मोठ्याने का बोलतात? मी जेवायला कायम तुझ्या उजवीकडे का बसते? बाबा आयुष्यभर तुझ्या उजव्या हाताला चालले, ते का, तुला काय वाटलं?”

सिस्टरला ते खिडकीतलं मांजर आठवलं.

“म्हणजे इतकी वर्षं तुम्ही सगळे मिळून माझ्यापासून लपवत होतात.”

“हो. तुला सांगायची छाती कोणाची?”

“मला संशय होताच,” सिस्टर म्हणाली आणि स्टुलावर बसली.

तिला राग आला होता. मग राग ओसरला आणि भीती वाटू लागली. आपल्याविरुद्ध जग कुजबुजतंय असं तिला वाटत आलं होतं. जग तर नेहमीच्याच आवाजात बोलत होतं. दोष होता तो त्या टाचणीपाशी, तिच्या लाडक्या टाचणीपाशी. आणि तीच टाचणी या पोरीला दोन्ही बाजूंनी होती.

नातीला लेकीकडे देऊन ती हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहिली. केस मागे सारले आणि स्वतःला तपासलं, नव्या जन्मलेल्या बाळाला तपासावं तसं. कानापुढचं भोक, एक. भावाच्या मानेवरचा पाझर, दोन. बापाचे वळलेले कान, तीन. बापाचं बहिरेपण, भावाच्या किडन्या, आणि आता तिचा स्वतःचा कान. मोजणी तिने सगळ्या गावाला शिकवली होती. फक्त घरात सापडलं की ती वजा करत आली, आणि त्या वजाबाकीवर तिने कधीच संशय घेतला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिला स्वतःची लाज वाटली. आणि घराणं म्हणून घरी पाठवलेली किती बाळं असतील, हा विचार आला तेव्हा तिने नळ सोडून तोंडावर पाणी मारलं.

बाहेर बाकावर दोघी तशाच होत्या. सिस्टर डॉक्टरणीसमोर जाऊन उभी राहिली. “तुम्ही विचारलं ते सगळं खरं आहे. बापाच्या भावालाही ऐकू येत नसे, आणि तो छापखान्यात नव्हता. होकार आहे आमचा. आत्ता करा.”

मग ती विहीणबाईंकडे वळली. “तुम्ही मघाशी काय बोलत होता?” आयुष्यात पहिल्यांदाच तिने हे कोणाला तोंडावर विचारलं.

विहीणबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. मग नीट समोर येऊन म्हणाल्या, “मी यांना म्हणत होते, की काय असेल ते आधी तुम्हाला समजावून सांगा. तुमच्या मनाविरुद्ध काही नको. आणि सकाळपासून तुम्ही काही खाल्लेलं नाही, तेही म्हणत होते.”

नेहमीच्या सवयीने तिने त्यांच्या चेहऱ्यावर खोटं शोधलं. सापडलं नाही.

जावई आला, त्यानेही मान डोलावली. सोनोग्राफीची खोली अंधारी आणि गार होती. डॉक्टर तेच, गलेलठ्ठ आणि शांत. सिस्टरला पाहून त्यांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. ती नातीला धरून टेबलाच्या एका अंगाला उभी राहिली, ते दुसऱ्या अंगाला पडद्यासमोर, तिच्या डाव्या हाताला. चाकांच्या खुर्चीत लेक आणि तिच्यामागे जावई. मास्तर दुकान तसंच टाकून आला होता आणि गळ्यातली टेप काढायला विसरला होता. डॉक्टरीण दाराशी होती.

डॉक्टरांनी इवल्याशा पोटावर जेल लावलं आणि यंत्राचा दांडा फिरवला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. डावीकडे ते फार वेळ थांबले. पडद्यावर राखाडी धूर हलत होता आणि त्यातलं सिस्टरला काही कळत नव्हतं. मास्क लावलेला, तोंड पडद्याकडे, असेच ते काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले.

मागे लेक रडू लागली. जावयाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मास्तरने डोळे मिटले. सिस्टरने एकेक चेहरा पाहिला. चेहरे वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण सुटल्यावर माणसं जशी रडतात तशीच बुडाल्यावरही रडतात. कोणतं रडणं हे? तिला वाटलं, नेहमीसारखं करावं. ऐकल्यासारखं दाखवावं, बाहेर जावं, मग हळूच मास्तरकडून काढून घ्यावं.

नातीने तिचं बोट मुठीत पकडलं होतं.

“डॉक्टर, परत सांगा,” ती म्हणाली.

डॉक्टर दचकले. हिचं भांडण पुन्हा सुरू झालं असं त्यांना वाटलं असणार. “मी नीट बघून सांगितलंय, सिस्टर. मशीनमध्ये काही बिघाड नाही.”

“तुम्ही नीटच सांगितलं असेल. मला ऐकू आलं नाही. या बाजूला येऊन सांगा.”

मग डॉक्टर उठले. जड अंगाने टेबलाला वळसा घालून तिच्या उजव्या हाताला आले. मास्तर तिथे उभा होता, त्याने आपली जागा त्यांना दिली. डॉक्टरांनी मास्क काढला.

“डावी किडनी फार लहान आहे, ती काम करणार नाही. उजवी चांगली आहे. जपावं लागेल, दर थोड्या दिवसांनी तपासावं लागेल. पण एकीवर माणूस म्हातारं होतं, सिस्टर. वेळेवर आणलंत. कानांचं उद्या बघू.”

सिस्टरने मान हलवली. नातीच्या पोटावरचं जेल पुसलं, दुपटं सारखं केलं.

“परत एकदा सांगा,” ती म्हणाली.

डॉक्टर आणखी जवळ वाकले आणि मोठ्याने, सावकाश, पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हणाले. या वेळी तिला पहिल्यांदाच सगळं नीट ऐकू आलं.